हळदीचं बोट आणि गिटारची पट्टी

माझ्या दोघा नातवंडांनो,

परवा फोनवर धाकट्यानं मला विचारलं, "आजी, आजोबांच्या गिटारवर प्लॅस्टिकच्या आत कुणाचं बोट अडकलंय?" मी उत्तर देणार तेवढ्यात मोठीनं मागून सांगितलं की ते गिटार बनवणाऱ्या माणसाचं बोट आहे, स्पेनमध्ये सहीऐवजी तसं करतात. तुमची आई नुसती हसली आणि म्हणाली, "आजोबांना विचारा." आजोबांनी तर बेधडक सांगून टाकलं की गिटारची ती जन्मखूण आहे. एका बोटाच्या इतक्या हकीकती झाल्या. आणखी वर्षभर गेलं तर खरी कुठली ते मलाही सांगता येणार नाही, म्हणून आजच लिहायला बसले आहे. मोठीनं धाकट्याला वाचून दाखवावं. तिला आता जोडाक्षरं नीट येतात.

आधी ती गिटार इथं मुरुमला, आमच्या घरी, कशी आली ते सांगते. तुमचा जन्म व्हायच्या आधी तुमची आई शिकायला स्पेनमध्ये होती. तिकडे फ्लामेंको नावाचं एक संगीत आहे. ते तिच्या कानात बसलं आणि पहिल्या कमाईतून तिनं ही गिटार घेतली. पुढं मोठीला कडेवर घेऊन ती आताच्या तुमच्या थंड गावी राहायला गेली, तेव्हा जाण्याआधी गिटार आमच्याकडे ठेवून गेली. जाताना तिनं एवढंच सांगितलं, "पेटीत कोंडून ठेवू नका. कुणीतरी हातात घेत जा."

ते कुणीतरी म्हणजे तुमचे आजोबा. त्यांनी सारी हयात भजनी मंडळात ढोलकी वाजवली. नोकरी पाटबंधारे खात्यात, पण लोक त्यांना ओळखत ते ढोलकीवाले साहेब म्हणून. मग बोटांचे सांधे सुजायला लागले, ढोलकीची थाप सोसेना, आणि ती त्यांनी मंडळातल्या दुसऱ्या वादकाला देऊन टाकली. दिली तेव्हा हसत दिली, पण घरी येऊन जेवले नाहीत.

गिटारकडे ते आधी पाहुण्यासारखे बघत. तुमच्या आईनं जाण्यापूर्वी त्यांना बोटं ठेवायच्या तीन जागा शिकवल्या आणि मग सांगितलं की या पद्धतीत उजव्या हातानं तारा छेडता छेडता मध्येच बोटानं लाकडावर टक् करून ठोकायचं असतं.

"म्हणजे हिच्यात ढोलकी पण आहे?" आजोबांनी विचारलं.

"आहे, अप्पा. पण हलक्या बोटानं."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात तीन सुरांच्या आडोशाला सगळी ढोलकी सुरू झाली. सकाळचा चहा झाला की आजोबा ओसरीवर बसत आणि तासभर टकटक, झणझण चाले. समोरच्या किराणा दुकानदारानं एकदा विचारलंसुद्धा, "साहेब, घरात सुतारकाम काढलंय का?"

आता मुख्य गोष्ट. गिटारच्या तोंडावरची फळी फार मऊ आणि पातळ असते, मारी बिस्किटाएवढी समजा. तिच्यावर रोज नखं आपटली तर ती टिकायची नाही. म्हणून जिथं बोट आपटतं तिथं, तारांच्या खालच्या अंगाला, प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. मार ती खाते, लाकूड वाचतं. तुमच्या आईच्या गिटारवरची पट्टी पारदर्शक होती आणि इतकी बेमालूम बसवलेली होती, की तिथं पट्टी आहे हेच आम्हांला कधी कळलं नाही.

मग दोनेक वर्षांनी आपल्याकडचा उन्हाळा चांगलाच तापला. तो तुम्ही पाहिला आहे, वर्णन करत नाही. उन्हानं पट्टीची एक कड सुटली आणि पापडासारखी वर वळली.

इथं तुम्हांला आमच्या घरातले दोन पक्ष सांगायला हवेत. नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिकचं आवरण तसंच ठेवणं मला अजिबात खपत नाही. फ्रिजच्या मुठीवर, टीव्हीच्या कडेला, खुर्च्यांच्या पाठीला वर्षानुवर्षं ते लोंबत राहतं आणि त्याखाली मळ साठतो. दुसऱ्या पक्षात माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची बेंबळीची आजी. मुलगा पुण्याला गेल्यावर शेती बटईनं देऊन ती आमच्याकडेच राहायला आली. तिला आवरण काढलेली वस्तू उघडी पडल्यासारखी वाटते. तिचा मोबाइल अजून दुकानातल्या पिशवीत आहे आणि ती पिशवीवरूनच बोलते.

तर आजोबांना ती वर आलेली कड दिसली आणि त्यांनी ओळखलं, की हेही तसलंच कारखान्याचं आवरण. मला खूश करायला त्यांनी ते टराटरा ओढून काढलं आणि स्वयंपाकघरात घेऊन आले.

"हे बघ. इतकी वर्षं कुणी हिचं कव्हरच काढलं नव्हतं! तुझी लेक ना ती, तरी राहून गेलं."

मी म्हटलं, "बरं केलंत."

पट्टीबरोबर लाकडावरची चकाकीही सालीसारखी निघून आली होती. तो जुना डिंक असेल असं आम्ही ठरवलं. जाऊबाई मात्र कचऱ्यात टाकलेल्या त्या तुकड्याकडे हळहळून बघत राहिली. "चांगलं कोरं हुतं की वो," एवढंच म्हणाली. घरात त्या दिवशी एकटी तीच बरोबर होती.

पुढचे काही आठवडे आजोबांनी उघड्या लाकडावर मनसोक्त ठोकलं. शिवाय ज्या बोटानं ठोकायचं, नेमकी त्याच बोटात त्यांच्या आईनं घातलेली पोवळ्याची अंगठी. श्रावण लागेपर्यंत ती जागा कोंबडीनं उकरल्यासारखी दिसायला लागली. मग एका रविवारी तुमच्या आईचा व्हिडिओ कॉल आला.

"अप्पा, गिटार जरा उजेडात धरा बरं."

आजोबांनी कौतुकानं धरली.

"पट्टी कुठंय?"

"कसली पट्टी?"

"तारांखाली पारदर्शक पट्टी होती ती."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. जाऊबाईनं मधे तोंड घालून सांगितलं, "ते कव्हर व्हय? ते भावजींनी काढलं की! तुझ्या आईनं शाबासकी बी दिली."

तुमच्या आईनं तोंडावर हात ठेवला. ती हसते आहे की रडते आहे ते फोनवर कळेना. मग तिनं शांतपणे ती पट्टी कशासाठी असते ते सगळं समजावलं आणि म्हणाली, "नवी पट्टी बसेपर्यंत ठोकणं बंद, अप्पा. फळी फुटली तर आवाजच गेला. आणि तुम्हांला ते जमत नसेल तर दिवाळीत येईन तेव्हा मी गिटार घेऊन जाते. रागानं नाही म्हणत."

रागानं नव्हतीच म्हणत. म्हणूनच ते जास्त लागलं. आजोबांनी गिटार पेटीत ठेवली, पेटी कपाटावर ठेवली. मी म्हटलं, नुसत्या तारा तर वाजवा. ते म्हणाले, "टकटक नाही तर काय वाजवू? मीठ नसलेल्या वरणासारखं." चहा झाला की ओसरीवर जाऊन बसत तेवढे. बोटं खुर्चीच्या हातावर चालू लागत, मग लक्षात आलं की थांबत. दुकानदारानं विचारलं, "सुतार गेला का?" आजोबा उठून आत आले. ढोलकी दिली त्या दिवसासारखे दिसत होते. मला ते बघवेना. दिवाळीच्या आत पट्टी बसवायची, असं मी ठरवलं.

सोलापूरच्या एका वाद्यांच्या दुकानात फोन केला. त्यांच्याकडे गिटार होत्या, तारा होत्या, पट्टी नव्हती. "आजी, इथं कुणी ठोकत नाही," असं उत्तर मिळालं. मग आम्ही दोघं उमरग्याला गेलो. तिथं एक रेडियमवाला आहे. गाड्यांच्या काचांवर, नंबरप्लेटवर नावं आणि चित्रं चिकटवतो तो. चिकटणाऱ्या प्लॅस्टिकचा आमच्या भागातला मोठा अधिकारी तोच. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच निदान केलं.

"काका, पारदर्शक कशाला? साधं दिसतंय. म्या तुम्हाला लाल रेडियम देतो. रात्री हेडलाइट पडली की चमकतंय."

"गिटारवर हेडलाइट कुठून पडणार?" आजोबांनी विचारलं.

"न्हाय पडली तर न्हाय पडली. वर काय लिहायचं, 'आईचा आशीर्वाद' का 'पुन्हा भेटू'?"

आजोबा खूप दिवसांनी हसले, तेवढ्यासाठी उमरग्याची फेरी फुकट गेली नाही. त्याच्याकडून पारदर्शक फिल्मचे दोन-तीन नमुने घेतले. मोबाइलच्या काचेवर लावतात तोही एक घेतला. घरी आल्यावर आजोबांनी स्वतःच्या मनगटाचा जुना एक्स-रे काढला. तो चिवट असतो आणि नखानं फाटत नाही, हे खरंच होतं. पण मग गिटारवर तुमच्या आजोबांची हाडं दिसली असती.

मी शाळेत इंग्रजी शिकवलं असलं तरी वह्यांना कव्हरं घालणं हे माझं खरं कौशल्य. चिकटपट्टी आधी टाकाऊ कागदावर लावून बघायची ही माझी सवय. म्हणून फळवाल्याकडून सफरचंदाची रिकामी लाकडी पेटी आणली. तिचं लाकूड हलकं, मऊ, गिटारच्या फळीच्या बरंच जवळचं. तिच्या फळ्यांवर सगळे नमुने शेजारी शेजारी चिकटवले आणि आजोबांना सांगितलं, "ठोका." त्यांनी अंगठी साबण लावून कशीबशी काढली, डाव्या हातात घातली आणि पेटीवर ठोकायला बसले. चहानंतरची टकटक पुन्हा सुरू झाली, निदान सफरचंदाच्या पेटीवर. काही दिवसांनी नमुने सोलून पाहिले. रेडियमवाल्याची फिल्म लाकडाचे तंतू घेऊनच निघाली. तिचा डिंक गाडीच्या पत्र्यासाठी, लाकडाची दया त्याला कुठून येणार? मोबाइलवर लावायचा नमुना तडकला. एक्स-रे नीट चिकटलाच नाही, आणि त्यावर बोट पडलं की आवाज फडफड असा येई, पत्रावळीवर थेंब पडल्यासारखा.

मग तुमच्या आईला विचारून खास गिटारच्याच पट्ट्या मागवल्या. तिनं सांगितलं ते मी नीट लक्षात ठेवलं: पट्टी जितकी पातळ तितकी बरी, जाड पट्टीनं फळीचा आवाज दबतो. डिंक सौम्य हवा, पुढं बदलायची झाली तर लाकूड न उचकटता निघाला पाहिजे. आणि चकाकी गेलेल्या जागेवर आधी लाखेच्या पॉलिशचे पातळ हात द्यायचे, त्याशिवाय काही चिकटवायचं नाही. पट्ट्या दोन प्रकारच्या आल्या, एक पारदर्शक आणि एक दुधासारखी पांढरी. आजोबांना पांढरी एकदम पसंत पडली.

"हिनं सगळे ओरखडे झाकले जातील. पोरीला दिसायला नकोत."

मलाही पांढरीच आवडली. नीटनेटकी दिसत होती. पॉलिश आणलं, तारा सैल केल्या, जागा पुसून घेतली आणि गिटार आतल्या खोलीत पलंगावर उताणी ठेवली. दुसऱ्या दिवशी पॉलिशला हात घालायचा होता. तो दुसरा दिवस खंडेनवमीचा.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात, ज्याचं पोट ज्यावर चालतं त्याची. सकाळी मी अंघोळीला गेले तेवढ्यात जाऊबाईनं विळा, खुरपं, कोयता, शिलाई मशीन, माझी भाजी चिरायची विळी, मिक्सर आणि आजोबांची स्कूटर या सगळ्यांना हळदीकुंकू लावून झेंडूची फुलं वाहिली होती. मी बाहेर आले तर ती आतल्या खोलीतून ताम्हण घेऊन येत होती.

"आत काय होतं?"

"तुमचा तो तंबोरा. तेला बी लावलं."

मी धावले. उघड्या लाकडाच्या बरोबर मध्यभागी ओल्या हळदीचं एक ठसठशीत बोट, त्यावर कुंकू आणि एक झेंडू.

आजोबा आले, उभे राहिले. जाऊबाई आमच्या तोंडांकडे बघून घाबरली.

"अक्का, काय झालं वो? रोज वाजत हुतं, आता किती दिस गप पडलंय. भावजी बी गप पडल्यात. म्हनलं देवाचा हात लागला तर पुन्हा बोलंल."

यावर रागवायचं कसं? मी म्हटलं, काही नाही, निघेल. कुंकू कापसानं निघालं. हळद निघेना. तिनं उघड्या लाकडात घर केलं होतं. मी ओलं फडकं शोधत असताना जाऊबाई कपड्याच्या साबणाची वडी घेऊन आली आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिनं कडेनं घासलंसुद्धा. साबण लागताच हळद लाल होते हे आम्ही तिघंही जन्मभर धुण्याच्या दगडावर बघत आलो, पण त्या क्षणी कुणाला आठवलं नाही. बोटाची कड लालभडक झाली.

जाऊबाई साबण हातात धरून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कुंकू पुसलं तर आपसूक परत आलं की!"

आजोबांना हसू फुटलं. हसता हसता ते पलंगावर बसले आणि मग मीही. जाऊबाईला कशासाठी हसतात ते नीट कळलं नाही, पण सुटल्यासारखी तीही हसली.

हसून झाल्यावर प्रश्न उरलाच. आता तर पांढरी पट्टीच हवी होती. ओरखडे आणि बोट, दोन्ही तिच्याखाली कायमचे गेले असते. जाऊबाईचा तर हट्टच. "पांढरीच लावा. पोरीला कळलं तर माझं तोंड कुठं लपवू?" पण आजोबांनी दोन्ही पट्ट्यांचे लहान तुकडे सफरचंदाच्या पेटीवर लावायला मला सांगितलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "तू ठोक. कुठली ते सांगू नको."

मी आलटून पालटून ठोकलं. त्यांनी परत परत ठोकायला लावलं. एकीचा आवाज जाड आणि वरवरचा, टेबलावर पेन्सिल आपटावी तसा. दुसरीतून लाकूड बोलत होतं.

"ही."

डोळे उघडून पाहिलं तर पारदर्शक.

"भावजी, समदं दिसंल की त्यातून," जाऊबाई कळवळून म्हणाली.

"दिसू दे," आजोबा म्हणाले. "तिनं गिटार वाजवायला दिली होती. आवाज दाबून, वर झाकण घालून ठेवली तर कपाटावर होती तीच काय वाईट होती? नेणार असेल तर बघून नेऊ दे."

लाखेचे हात त्यांनी स्वतः दिले, कापसाच्या बोळ्यावर जुनं मलमल गुंडाळून. एक वाळू द्यायचा, मग दुसरा. हळदीचं बोट लाखेखाली पक्कं झालं. मी वर्तमानपत्राचा नमुना कापला. मधल्या गोल भोकाच्या कडेनं वळण बसलं पाहिजे आणि जिथं तारा बांधतात त्या लाकडापासून थोडं अंतर राहिलं पाहिजे, म्हणून तीनदा कापला. मग थंड सकाळ बघून पट्टी बसवली. आजोबांनी गिटार धरली, मी मागचा कागद चिमटीनं थोडा थोडा सोडवत गेले आणि जाऊबाईनं हाताला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळून मधून कडेकडे दाबत नेलं. तळहात पुरणपोळ्यांचा सराव असलेला, कुठं जोर द्यायचा आणि कुठं नाही ते तिला सांगावं लागलं नाही. शेवटच्या कोपऱ्याशी मला शिंक आली, तिथं एक बुडबुडा राहिला.

दिवाळीला तुम्ही दोघं आईबरोबर आलात. धाकटा तेव्हा जेमतेम चालत होता, त्याला आठवणार नाही. तुमच्या आईनं हातपाय धुतले आणि गिटार मागितली. आम्ही तिघं तिच्यासमोर ओळीनं बसलो, निकालाच्या दिवशी मुलं बसतात तसे. तिनं आधी पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं, बुडबुडा दाबून पाहिला. मग गिटार कलती केली.

"हे पिवळं काय आहे?"

आजोबा म्हणाले, "ते माझ्याकडून..." मी म्हणाले, "पॉलिश करताना..." जाऊबाई दोघांच्याही वर आवाज काढून म्हणाली, "ते खोटं बोलत्यात, पोरी. म्या पूजा केली तुझ्या तंबोऱ्याची. खंडेनवमीला. साबण बी म्याच लावला."

तुमच्या आईनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या खुणेवर आपलं बोट ठेवलं. जाऊबाईचं बोट तिच्या बोटापेक्षा चांगलंच रुंद निघालं.

"काकू, आणि आरती?"

"आरती न्हाय केली. अक्का धावत आल्या ना."

तेव्हा ती जी हसायला लागली ती थांबेना. मग डोळे पुसून तिनं गिटार आजोबांच्या मांडीवर ठेवली. "वाजवा, अप्पा. आवाज कसा लागतो ते बघू."

आजोबांनी अंगठी डाव्या हातात आहे ना ते पाहिलं आणि सुरुवात केली. हात आधी बिचकत होता, मग सुटला. समोरून दुकानदार ओरडला, "सुतार आला का वो साहेब?" "आला!" आजोबांनी वाजवता वाजवताच उत्तर दिलं. जाताना तुमच्या आईनं दोन बॅगा भरल्या, चिवडा घेतला, चटणी घेतली. गिटारचं नाव काढलं नाही.

पट्टी अजून तशीच आहे. कोपऱ्यातला बुडबुडा आहे, आतले ओरखडे आहेत आणि मधोमध लाल कडेचं हळदीचं बोट आहे, बेंबळीच्या आजीचं. आजोबा चहानंतर रोज वाजवतात.